तिसऱ्या ओळीला अडकलेला श्वास

मंडळी, लेझीमची ती छन्-छन् अजून कानात आहे. साठ-पासष्ट सालची आमची बालाघाटची शाळा. लेझीमच्या तालावर आम्ही पोरं कविता म्हणायचो.

त्याच नादात गेल्या महिन्यात नातीची लेझीम घेऊन वाकलो आणि पाठीच्या मधोमध स्नायू ओढला गेला. डॉक्टर म्हणतात, हाड शाबूत आहे, शेक घ्या, हळूहळू हालचाल ठेवा. पण बसलं तरी दुखतं, निजलं तरी दुखतं. दिवसभर नुसत्या येरझारा. बायको म्हणते, "या वयात लेझीम खेळाले कोनं सांगतलं होतं तुम्हाले?"

खरं दुःख वेगळंच आहे. रोज सकाळी अंगणात मोठ्यानं कविता म्हणायची माझी सवय. आता लांब श्वास घेतला की कळ येते. तुमचं असं काही सुटलं, तर तुम्ही काय करता हो?

आज पुन्हा कविता म्हणून पाहिली. तिसऱ्या ओळीतच श्वास तुटला. संपलं सगळं, असं म्हणत चिडून आत आलो.

तेवढ्यात कडी वाजली. दारात शेजारचे टेंभरेभाऊ! "सकाळचा भोंगा बंद करा" असं बजावून वर्षभर माझ्याशी अबोला धरलेले.

"काहून थांबले जी?" ते म्हणाले. "दोन-दोन शब्दानं म्हना, पन ओळ पुरी करा. मले तिकडं चैन पडून नाही राह्यलं."