वऱ्हाडानं खाल्लेला हुरडा

"मी काय त्यांला घरून आणलं का? टायर बसलं त्यांचं, आपल्या बांधापाशी."

"टायर त्यांचं होतं, मामा. कणसं तर आपली होती ना?"

"मंग? आगटी पेटलेली, माणसं रस्त्यावर उभी, लेकरं धुराकडं बघून राह्यलेली. तोंड फिरवून बसू का मी?"

"तोंड कशाला फिरवायचं? पाणी द्यायचं. चहा द्यायचा. पण सगळी कणसं?"

"हुरडा काय अर्धा देत असतेत का कुठं?"

रेणुकानं खराटा खाली टाकला. भोकरदनच्या अलीकडे, राजूरहून येणाऱ्या रस्त्याला लागून असलेल्या त्या शेतात सोमवारची सकाळ झाली होती आणि कालची फोलपटं अजून सगळ्या अंगणभर उडत होती. सासरे, सांडूमामा, विझलेल्या आगटीच्या काठावर उकिडवे बसून राखेत काडी फिरवत होते. चुलीपाशी भाकऱ्या करायला येणारी वसंता भांडी घासत होती. तिनं दोघांकडं पाहिलं नाही, पण भांड्यांचा आवाज मात्र कमी केला.

भांडण कालच्या रविवारवरून होतं. जालन्याहून बँकेतल्या लोकांची बस दुपारच्या आत यायची होती. रेणुकाच्या शेतावर हुरडा खायला बस येण्याची ही पहिलीच वेळ. आजवर आल्या त्या मोटारी. कोवळी कणसं पहाटे दव असतानाच तोडून ओल्या पोत्याखाली झाकून ठेवली होती. बस राजूरला गणपतीच्या दर्शनाला थांबली आणि रांगेत अडकली. इकडे दही नीट लागलं नव्हतं, म्हणून रेणुका अप्पारावच्या रिक्षात बसून भोकरदनला दही आणायला गेली. जाताना मामांना सांगून गेली, की बस दिसली की गोवऱ्या पेटवा.

मामांनी गोवऱ्या बस दिसायच्या आधीच पेटवल्या. धूर वर गेला आणि बरोबर त्याच वेळी एका लग्नाच्या वऱ्हाडाच्या टेम्पोचं टायर बांधापाशी येऊन बसलं. पुढचं सांगायला नको. रेणुका दह्याचा डबा मांडीवर धरून परत आली, तेव्हा टायर बदलून टेम्पो निघाला होता, बाया हात हलवत होत्या, पोरांची तोंडं काळी झाली होती आणि पोत्याखाली काहीच नव्हतं. एका म्हातारीनं तिला टेम्पोतून ओरडून सांगितलं, "बाई, सासरा देवमाणूस हाये तुझा." पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं, की लग्नात त्या वऱ्हाडानं पंगतीला पुरीसुद्धा मोडली नाही आणि त्यावरून व्याह्याव्याह्यांत वाजलं.

दुसरी कणसं आणायची सोय नव्हती. हुरड्याची ज्वारी एकदम पेरून चालत नाही. एका तुकड्याचा दाणा खाण्यासारखा राहतो तो जेमतेम आठवडाभर, मग टणक होतो. म्हणून रेणुकानं आपल्या आणि शेजारच्या भुजंगच्या रानात मिळून, टप्प्याटप्प्यानं, एकामागून एक तुकडे पेरून घेतले होते. आधीच्या तुकड्याची आता भाकरीच होणार होती. पुढचा अजून दुधात होता, दाबला की नुसतं पांढरं पाणी. बँकवाले आले, त्यांनी पिठलं-भाकरी खाल्ली, बैलगाडीत बसले, फोटो काढले, आणि जाताना एक बाई म्हणाल्या, पिठलं छानच होतं, पण ते आम्ही घरीही करतो.

रेणुकाचं माहेर अंबडकडचं, अंकुशनगर. वडील साखर कारखान्यावर कामाला. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं, अशा वस्तीत ती वाढली. वेळ म्हणजे वेळ, हे तिच्या अंगात तिथूनच आलं. बारावी होऊन ती ह्या गावात आली, तेव्हा इथं कोणतंच काम कधी सुरू होतं आणि कधी संपतं, ते तिला कळेना. नवरा परमेश्वर जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात. आठवड्यातून एकदा यायचा आणि झोपायचा. सासू आधीच गेलेली. शेतात ती आणि मामा.

हुरड्याचा धंदा तिनं काढला असं लोक म्हणतात, पण तो तिच्या दारात चालत आला. भोकरदनच्या शाळेतले एक मास्तर ओळखीनं सगळ्या शिक्षकांना घेऊन हुरडा खायला आले. खाऊन झाल्यावर एका बाईंनी हळूच सुपाखाली नोटा सरकवल्या. मामांनी ते पाहिलं आणि रेणुकाला म्हणाले, मास्तरीणबाईचे पैसे पडलेत, पळत जाऊन देऊन ये. रेणुका पळाली, पण बांधापर्यंतच. तिथं बाभळीआड जरा वेळ उभी राहिली आणि परत आली. पुढच्या हिवाळ्यात रस्त्यावर तिची पाटी लागली.

ती लोकांकडं बघून शिकली. शहरातल्या माणसाला गरम कणीस हातावर चोळता येत नाही, बोटं भाजतात. मग तो दोन कणसांत उठतो. तेच दुसऱ्यानं चोळून सुपात दिलं, की बसून राहतो. म्हणून तिनं गावातल्या बाया चोळायला लावल्या. गाडीतून उतरलेली बाई आधी इकडंतिकडं बघते आणि मग हळू आवाजात विचारते, हेही तिच्या लक्षात आलं. म्हणून तिनं झोपाळ्याच्या आधी संडास बांधला. मामा तेव्हा आठ दिवस कोणाशी बोलले नव्हते. शेतात संडास, हे त्यांच्या डोक्यात बसेना.

आता चौथा हंगाम. वसंता भाकऱ्या आणि जवसाची चटणी करते. भुजंगचं अर्धं रान हुरड्याखाली असतं. अप्पारावची रिक्षा भोकरदनच्या स्टँडवरून पाहुणे आणते. गुऱ्हाळवाला गुळाच्या लहान ढेपी मुद्दाम ह्यांच्यासाठी पाडतो. अजिंठ्याला जाणाऱ्या गाड्यासुद्धा कधीमधी धूर बघून वळतात. पण सुटी गाडी आली तर आली. बस म्हणजे पक्कं. कालची बस ज्यानं पाठवली, त्या जुन्या जालन्यातल्या ओमप्रकाशच्या बसगाड्या दर रविवारी आल्या, तर चोळणाऱ्या बायांना रेणुका शनिवारीच सांगू शकली असती, या म्हणून. हंगाम सगळा त्यावर होता, आणि तो ओमप्रकाश आज येणार होता.

मामांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. धंद्याला ते कधी आडवे आले नाहीत. बैलगाडी हाकायचे, पाहुण्यांच्या पोरांना बैलाच्या शिंगांना हात लावू द्यायचे. फक्त पैशाला हात लावत नव्हते. कोणी पुढं केलेच, तर सुनेकडं बोट दाखवायचे. आणि रस्त्यानं चाललेल्याला हाक मारायची त्यांची सवय जात नव्हती. आगटी पेटली की रस्त्यावरच्याला बोलवायचंच. न बोलवता जाऊ दिला तर पुढच्या साली कणीस भरत नाही, असं त्यांच्या आईचं म्हणणं. एखाददुसरा येई, मूठभर खाई आणि जाई. रेणुका तेवढं सोडून द्यायची. वऱ्हाड तिच्या हिशेबात नव्हतं.

ओमप्रकाश आला तेव्हा ऊन चढलं होतं. बापाचं कापडाचं दुकान मोठ्या भावावर टाकून ह्यानं ट्रॅव्हल्स काढलेली. मोटारसायकल बांधापाशी लावून तो आत आला, आल्या आल्या मामांच्या पाया पडला, आणि बाजेवर बसून रेणुकाला म्हणाला, की वैनी, काल रात्री मला सतरा फोन आले, माझा नाश्ता अजून व्हायचाय.

मामा उठले. भुजंगच्या रानात गेले आणि दुधातल्या तुकड्याच्या कडेची, जरा पुढं आलेली मूठभर कणसं हुडकून घेऊन आले. आगटीत गोवऱ्या रचून पेटवल्या. रेणुका बघत राहिली. आत्ताच्या आत्ता हा धूर कशाला, असं तिच्या ओठावर आलं होतं, पण पाहुण्यासमोर तिनं ते गिळलं.

ओमप्रकाशचं म्हणणं सरळ होतं. पुढच्या रविवारी डॉक्टर लोकांची बस ठरली होती, त्यापुढं एका शाळेची. त्याला त्या इथंच आणायच्या होत्या. सिल्लोडकडं दुसरी जागा होती, पण तिथं नाच-गाण्याचा गोंगाट फार, फॅमिली पार्टीला चालत नाही. त्याची अट एकच. रस्त्याच्या बाजूनं तारेचं कुंपण, मधे लोखंडी गेट. बुकिंगवाला आत, बाकी दुनिया बाहेर. अर्धा खर्च तो करणार.

"आणि बाबूजी," तो मामांकडं न बघता म्हणाला, "बैलगाडीवर बराबर आहेत. आगटीपाशी नको."

शेत मामांच्या नावावर. त्यांच्या होकाराशिवाय तिथं एक खांबसुद्धा उभा राहणार नव्हता, हे ओमप्रकाशला माहीत होतं आणि म्हणूनच तो पाया पडला होता.

मामांनी भाजलेलं कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारून भुसा उडवला आणि हिरवे दाणे सुपात घालून त्याच्यापुढं सरकवले. तो खाऊ लागला. भूक लागलेलीच होती.

"कसाय?" मामांनी विचारलं.

"एक नंबर, बाबूजी."

"बुकिंग केल्तं का?"

ओमप्रकाश हसला. मामा हसले नाहीत.

"न्हाई, विचारून राह्यलो. गेट लावल्यावर तू कोण्या अंगाला? आतल्या का बाहीरल्या?"

"मामा," रेणुका म्हणाली.

"तू थांब. धूर दिसला की माणूस येतो. माझा बाप बोलवायचा, त्याचा बाप बोलवायचा. जातपात न बघता सगळ्या गावाला हाक जायची. ह्या आगटीवरून कोणी उपाशी गेलं न्हाई."

चुलीपाशी वसंतानं शेवटचं पातेलं पालथं घातलं. ह्या घरात ती चार हंगाम काम करत होती आणि मामांशी तिचं बोलणं पीठ, मीठ आणि सरपण एवढ्यापुरतंच होतं.

"हाक यायची, मामा," ती म्हणाली. "माझी सासू सांगती ना. हाक बराबर यायची. पण बांधापस्तोर. बांधावर बसवायचे आमच्या लोकांला आणि वरून पदरात टाकायचे, सूप शिवायला नको म्हणून."

आवाज चढलेला नव्हता. भाकरी किती थापू, असं विचारावं तसं ती बोलत होती.

"ती म्हणती, सांडूभाऊ तवा पोरसवदा होते. सूप त्यांच्याच हातात असायचं."

मामांनी आगटीत नवीन कणीस खोचलं. ते नीट बसलं होतं, तरी पुन्हा काढून खोचलं.

"आता तिकीट काढून लोक येतेत," वसंता पुढं म्हणाली, "आन् माझ्या हातची भाकरी मागून मागून खातेत. कोणी इचारत न्हाई कोणाची म्हणून. मला गेटाचं काही वाटत न्हाई. मी काम सांगून राह्यले. बस आली तर मी यीन, न्हाई तर मला दुसरीकडं बघावं लागंल."

ती हात पुसत उठली आणि भांडी आत नेऊन ठेवू लागली. ओमप्रकाश सुपातले दाणे बोटानं एका बाजूला सारत होता. हे आपलं नाही, हे त्याला कळलं होतं.

रेणुकाला सासऱ्याची दया आली आणि त्या दयेचा रागही आला. हीच वेळ आहे, पुन्हा अशी यायची नाही, हे ती जाणून होती. ती मामांच्या समोर, राखेच्या पलीकडं बसली.

"मामा, ते वऱ्हाड कोण्या गावचं होतं?"

मामांनी मान हलवली. त्यांनी विचारलंच नव्हतं.

"ते गेलं. त्यांच्या लग्नात त्यांला जेवण होतं. वसंता हितं हाये. भुजंगभाऊ हितं हायेत, त्यांनी कपाशी सोडून तुमच्या भरवशावर हुरडा पेरला. चोळणाऱ्या बाया हायेत. काल त्या हात हालवत घरी गेल्या. कोणाला उपाशी जाऊ द्यायचं न्हाई म्हणता, तर ह्यांला कोण हाक मारणार?"

गोवरीचा एक तुकडा ढासळला आणि ठिणग्या उडाल्या.

"मला गेट आवडतं असं न्हाई," ती म्हणाली. "पण मी ह्यांला हो म्हणू का न्हाई म्हणू? तुम्ही सांगा. तुमच्या तोंडून सांगा. मी माघारी काही करणार न्हाई."

आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

मामांनी आगटीतलं कणीस बाहेर ओढलं. एका बाजूनं ते करपलं होतं. तळहातावर घेऊन त्यांनी ते चोळलं, दाणे सुपात टाकले, सूप उचलून चुलीपाशी नेलं आणि वसंताच्या पाटाशेजारी ठेवलं. वसंता दारात उभी होती. तिनं सुपाकडं पाहिलं, हात पुढं केला नाही.

मामांनी बाजेच्या पायाशी टेकलेली काठी घेतली.

"मामा, मी विचारून राह्यले," रेणुका म्हणाली.

ते पाठमोरे झाले आणि बांधाकडं चालू लागले. जिथं गेट यायचं होतं, तिथून उतरून रस्त्याला लागले. समोरून मोटारसायकलवरून दोघं येत होते. धूर बघून त्यांनी गाडी हळू केली.

"काय मामा, पेटली का आगटी?" पुढच्यानं विचारलं.

मामा त्यांच्या बाजूनं तसेच पुढे निघून गेले.