नेट गेलं तेव्हा

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातल्या एका छोट्या कॉलेजात लोरेटा हेन्सली बाई डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांना बावीस वर्षं सल्ला देत होत्या. २०२०च्या एप्रिलमध्ये कोरोनामुळे वर्ग घरून सुरू झाले आणि मुलांना मुभा मिळाली: हवी तर श्रेणी घ्या, नाहीतर निकालावर नुसतं ‘पास’ लिहून घ्या.

त्यांच्यातल्याच मेकेनाचा फोन आला. घरी इंटरनेट नाही, म्हणून बंद वाचनालयाच्या दारात, तिथलं वाय-फाय पकडून, बापाच्या पिकअप गाडीत बसून ती रसायनशास्त्राची परीक्षा देत होती.

“बाई, मध्येच नेट गेलं. अर्धा पेपर राहिला. ‘पास’ घेऊ का?”

“घे गं पोरी,” बाई म्हणाल्या खऱ्या, पण जीभ अडखळली. पुढे प्रवेश देणारे मेडिकल कॉलेजवाले तोंडाने ‘पास चालेल’ म्हणायचे आणि खाली बारीक अक्षरात लिहायचे, ‘श्रेणीला प्राधान्य’. म्हणजे ताट वाढायचं आणि घास उचलला की ओढून घ्यायचं! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी अशाच एका मेडिकल कॉलेजचे प्रवेशप्रमुख, डॉक्टर व्हिटकॉम्ब, बाईंसकट चाळीस सल्लागारांना ऑनलाइन समजावत होते, “ज्याच्यात जिद्द आहे तो श्रेणीच घेतो. परिस्थितीचं रडगाणं...”

आणि त्यांचा चेहरा पडद्यावर गोठला. दहा मिनिटांनी साहेब परतले.

“माफ करा हं, नेट गेलं होतं. कुठे होतो आपण?”

“जिद्दीपाशी होतात, डॉक्टर,” बाई म्हणाल्या. “आमच्या मेकेनाचंही असंच नेट गेलं. तुमच्यासाठी चाळीस माणसं थांबली. तिच्यासाठी घड्याळसुद्धा थांबलं नाही.”