वैद्याला कोण बघणार

ठाण्याच्या टेंभी नाक्यावरून आमच्या सामानाचा टेम्पो हलला. आई म्हणाली, "पोचलास की कळव." डोळे पुसायला मी रुमाल काढला, तर सोबत फाशांची पुरचुंडी बाहेर आली. चौघांच्या खेळात मिळून तेवढेच फासे, अन्याच्या आतेभावाने अमेरिकेहून आणलेले. नव्या घराची किल्ली मात्र आईकडेच राहिलेली. ती कळव्याहून मागे फिरून आणली. फासे द्यायचे तरीही राहिलेच!

अन्या, तू आता अमेरिकेत. दिगू, तू अजून तिथेच कोळीवाड्यात. तुम्हा दोघांना पुढचं कधी नीट सांगितलं नाही.

खेळ आठवतोय ना? अन्या गोष्ट सांगत आपल्याला भुयारात न्यायचा आणि जगलो की मेलो ते फासे ठरवायचे. दिगू मांत्रिक: एका मंत्रात अख्खी टोळी झोपवणार, मग दिवसभर रिकामा. मी योद्धा, कारण योद्ध्याला दहा प्राण आणि मांत्रिकाला चार. मरायची भीती मला कागदावरसुद्धा वाटायची. कोण भारी, कुणाची ताकद छाटायची, यावरून आपण चहा थंड करायचो. वैद्य कुणालाच नको, म्हणून तो माझ्या नव्या नवरीच्या गळ्यात घातला. पण तिचा वैद्य स्वतःच्याच जखमा भरायचा आणि मरायचाच नाही. खेळाचा तोल गेला म्हणून मी वहीत नियम लिहिला: वैद्याला स्वतःवर उपचार करता येणार नाहीत.

"मग वैद्याला कोण बघणार?" तिने विचारलं.

"वहिनी, वैद्य मागे असतो. त्याला काय होतंय?" दिगू म्हणाला. मी नियमाखाली दोन रेघा मारल्या.

टिटवाळ्याची आमची नवी बिल्डिंग चार मजल्यांची, राहती घरं दोन. वीज गेली की वरच्या रिकाम्या खोल्यांची दारं आपटायची. "वारा आहे," असं मी बायकोला सांगायचो आणि कडी पुन्हा तपासायचो. 'परत जाऊ' हे शब्द रोज ओठांवर यायचे; तिने शिवलेले नवे पडदे बघून गिळायचो.

तिसऱ्या रविवारी दुपारी तिला हुडहुडी भरली. मग ताप असा चढला, की माझ्याकडे बघून ती म्हणाली, "कोण?"

आमच्याकडे पट्ट्या ठेवणारी, थर्मामीटर झटकणारी, डॉक्टर ठाऊक असणारी तीच. ती आडवी पडल्यावर घरात उरलो मी, दहा प्राणांचा. थर्मामीटर कुठे असतो हेसुद्धा ठाऊक नाही. डोक्यात माझ्याच अक्षरातला तो नियम. अनवाणी खाली धावलो. तळमजल्यावरच्या सुर्वेकाकू ओरडल्या, "अरे, रडतोस काय? रिक्षा बघ आधी!" कल्याणला डॉक्टर म्हणाले मलेरिया, आणि वेळेवर आणलंत. 'वेळेवर' या शब्दाने मी तिथेच बाकावर बसलो.

पुढच्या रविवारी तुम्ही फासे न्यायला आलात. घरभर धूर.

"वहिनी, ह्याने पेज केलीय की राक्षस भाजलाय?" दिगू म्हणाला. अन्याने माझ्या हातातला पेज ढवळायचा डाव काढून घेतला.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. वरचे मजले भरले, आई इथेच राहायला आली. घर म्हटलं की मला अजून त्या करपलेल्या पेजेचा वास येतो. कारण त्या दुपारी तुमच्यादेखत मी तिला विचारलं होतं, "परत जाऊया ठाण्याला?" आणि उत्तर ऐकवेना म्हणून वही उघडून तो नियम खोडायला घेतला होता.

ती उशीला टेकून म्हणाली, "खोडू नका हो. नियम बरोबर आहे. खाली एवढंच लिहा, योद्ध्याला पेज करता यायला हवी. आणि फासे इथेच राहू देत. दर रविवारी दोघा भावोजींनाच इकडे येऊ दे."