आक्काच्या दोनशे बारा व्हॉइस नोट्स

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आजही नाही. आमच्या घरात बुद्धवंदना व्हायची, अंगात येणं-बिणं कधीच नाही, आणि भुताखेतांच्या गप्पांना सगळ्यात जास्त हसायची ती आमची आक्काच. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय... पण घरी सांगायला कोणी नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी भोसरीतल्या एका इंजिनिअरिंग वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर सांभाळतो. ड्रॉइंग्ज, तपासणीचे रिपोर्ट, सगळं लिनक्सवर. वय चव्वेचाळीस, लग्न केलेलं नाही. आई-वडील लवकर गेले. मला वाढवलं आक्कानं, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. लातूरकडून मला घेऊन ती भोसरीत आली, एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटल्या, आणि तळमजल्यावरच्या एका खोलीत आम्ही सव्वीस वर्षं काढली. तिला टाईप करणं जमायचं नाही. दुपारी कँटीनमधून ती व्हॉइस नोट पाठवायची, बहुतेक एकच : "काय करायलास? जेवलास का नाही?" मी बऱ्याचदा उत्तरच द्यायचो नाही. कामात असायचो. म्हणजे, असं मी स्वतःला सांगायचो.

दोन वर्षांपूर्वी आक्का आजारपणात गेली. फोन भरत आला होता, म्हणून तिच्या नोट्स घरच्या कॉम्प्युटरवर घेतल्या. दोनशे बारा. प्रत्येकीची तारीख आणि पहिले शब्द वहीत लिहिले आणि मग फोनमधून पुसल्या. गेल्या वर्षी मोशीत नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आक्कानं तो पाहिलेला नाही. नवव्या मजल्यावर माणूस खरंच एकटा असतो हो... खाली भाजीवाला ओरडलेलाही ऐकू येत नाही.

त्या कॉम्प्युटरमध्ये जी एसएसडी डिस्क होती ती वर्कशॉपच्या लॉटमधली. दहा स्वस्तात आणल्या, नऊ तिकडे लागल्या, उरलेली मालकांना विचारून मी घरी नेली. पुढे कळलं की त्या लॉटच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे डिस्कला आतून चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, खोट आहे. अचानक लाईट गेली की ती जुना-नवा डेटा बिघडवायची. आणि वर साळसूदपणा असा की लिनक्सच्या लॉगमध्ये तक्रारीची एक ओळ नाही.

वर्कशॉपमध्ये यूपीएस आहे, तिथे निभावलं. पण आमच्याकडे गुरुवार म्हणजे वर्कशॉपला सुट्टी आणि मोशीत मेन्टेनन्ससाठी दिवसभर लाईट बंद. घरी यूपीएस घ्यायचा मी आळस केला. दर गुरुवारी त्या डिस्कला एक दणका बसत राहिला. त्यात माझीच हुशारी अशी की रोज दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब नक्कल व्हायची व्यवस्था लावलेली. बिघडलेल्या फाईल्स चांगल्या फाईल्सवर जाऊन बसल्या. सगळ्यांना बॅकअपवर लेक्चर देणारा मी!

एका रविवारी आक्काचा आवाज ऐकावासा वाटला. पहिली नोट... एरर. दुसरी... एरर. फाईल्सचा आकार जागच्या जागी, आत नुसती शून्यं. दोनशे बाराच्या दोनशे बारा. दोन डिस्कवर, दोन्हीकडे शून्यं. त्या दिवशी मी रडलो. ती गेली तेव्हाही इतका रडलो नव्हतो.

डिस्क बनवणाऱ्यांनी फर्मवेअरचं अपडेट काढलं होतं. ते टाकलं की खोट जाते, पण डिस्क पूर्ण पुसली जाते. वर्कशॉपच्या नऊ मी स्वतः केल्या. दहावीला हात लावत नव्हतो. आमच्या वर्कशॉपच्या मेन्टेनन्सचा सतीश, मोशीतल्या जुन्या गावातला, रोज मागे लागायचा, "राव, त्या शून्यांचं काय लोणचं घालायचंय? अपडेट मार आन् मोकळा हो." शेवटी एका गुरुवारी तो अपडेटचा पेनड्राइव्ह घेऊन आलाच. लाईट नव्हती. सोसायटीचा जनरेटर अजून बिल्डरच्या आश्वासनात आहे, त्यामुळे लिफ्ट बंद. दोघं नऊ मजले चढलो. सातव्यावर मला खाली बसावं लागलं. सकाळपासून चहाच होता पोटात.

चारच्या सुमारास लाईट आली, कॉम्प्युटर आपोआप सुरू झाला. सतीशनं पेनड्राइव्ह लावला. मी म्हटलं, थांब, पुसण्याआधी एकदा सगळ्या लावून बघतो. तो शेजारी बसला. पहिली, एरर. दुसरी, एरर. असं करत सतराव्या नोटवर आलो आणि ती वाजली.

"किती उंच जाऊन राहायलास रे... लिफ्ट बंद हाय तर दम खात चढावं. जेवलास का नाही?"

आक्काच. 'नाही' म्हणताना तिचा आवाज किंचित वर जायचा, तसाच गेला. बाकी सगळ्या नोट्समध्ये मागे कँटीनची भांडी वाजायची. हिच्यात मागे काहीच नव्हतं.

सतीशनं माझ्याकडे पाहिलं. "आक्का व्हय?" मी मान हलवली. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "लिफ्ट बंद हाय ते त्यांना कुणी सांगितलं?"

मी पुन्हा प्ले दाबलं. एरर. आत शून्यं.

वही काढली. सतराव्या नोटेपुढे माझ्याच अक्षरात : काय करायलास. सतीशनं पेनड्राइव्ह काढून खिशात घातला. "ऱ्हाऊ दे," म्हणाला. त्यानंतर अपडेटचा विषय त्यानं काढलेला नाही.

मी खूप डोकं चालवलंय. खराब डिस्क कधीकधी पुसलेला जुना डेटाही वर काढते, हे मला माहीत आहे. पण आक्का कायम तळमजल्यावर राहिली आणि असलं वाक्य मला तिनं कधीच पाठवलेलं नाही. तुकडे सरमिसळ झाले म्हणावं, तर त्यातून खरखर निघते, सरळ वाक्य निघत नाही. सतीशनं ऐकलं नसतं तर मी स्वतःलाच वेडा ठरवून मोकळा झालो असतो. ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगा.

तिनं पुन्हा काही म्हटलेलं नाही. अपडेट मी टाकलेलं नाही, यूपीएसही घेतला नाही. फक्त गुरुवारी लाईट यायच्या आत मी जेवून घेतो. तिनं विचारलंच, तर या वेळी उत्तर द्यायचंय.