परवानगी देणाऱ्याचं नाव

माझी नोकरी काय, हे आमच्या गावात कुणाला नीट सांगता येत नाही. पूर आला की मदत पोचवणाऱ्या एका संस्थेत मी आहे, पण मदत मी करत नाही. मदत करायला जाणारी आमची माणसं धडधाकट परत यावीत, हे बघणं माझं काम. कुठला रस्ता धरायचा, कुठून मागं फिरायचं, पोचल्यावर कुणाला फोन करायचा, हे मी ठरवतो. हे सगळं ऐकून आमचा चुलता म्हणाला, "म्हंजे वॉचमनच की रं!" मला लई राग आलता. आता वाटतं, वॉचमन परवडला.

आमचं ऑफिस बेळगावात, खासबागेत. तिथं बसून नियमांचं पुस्तक मीच लिहिलं, मोठ्या हौसेनं. त्यातला एक नियम मी जाड अक्षरात घातला होता: फरशीवर पाणी असेल तर ओलांडायचं नाही, पाणी कितीही असो, माणूस कुणीही असो. फरशी म्हणजे नदीवरचा बुटका, बिनकठड्याचा पूल. आमच्या भागात अशा फरश्या चिक्कार.

बाहेरून पाहुणे आले की हा नियम मी त्यांना अर्धा तास समजावायचो. लाइफ जॅकेट घालायला लावायचो, जीप द्यायचो. आपल्या माणसांना मात्र म्हणायचो, "तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही इथलेच." तेही हसायचे. इथल्या माणसाला पाण्याचे नियम सांगणं म्हणजे त्याचा पाणउतारा, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. आमच्या फॉर्मवर प्रत्येकाच्या नावापुढं धोका किती ते लिहावं लागतं. पाहुण्यांपुढं मी 'जास्त' लिहायचो आणि आमच्या माणसांपुढं 'कमी'. नदीला हे कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

आमच्याकडं निपाणीची एक नर्स होती. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला आक्का म्हणायचो आणि ती मला अण्णा. तिच्या आईनं जन्मभर तंबाखूच्या वखारीत काम केलं, खोकत खोकत पोरीला नर्सिंग शिकवलं. संस्थेचं ओळखपत्र आक्का घरीसुद्धा गळ्यात घालायची. मी चेष्टा केली, "आक्का, झोपताना तरी काढता का?" तर म्हणाली, "आमच्या घरात हे पयलंच हाय अण्णा. हसू नका."

त्या वर्षी जुलैत वेदगंगा फुगली. नदीपलीकडच्या एका गावात शाळेत पूरग्रस्तांना ठेवलं होतं. तिथल्या दोन म्हाताऱ्यांचं इन्सुलिन संपलं होतं आणि ते घेऊन आक्का निघाली. खरं तर तिला जीप द्यायची, आणि जीपनं कोगनोळीवरून हमरस्त्यानं फिरून जायचं. पण कोगनोळीला नाक्यावर गाड्यांची ही रांग लागलेली. शिवाय दिल्लीच्या मुख्य ऑफिसातून साहेब आले होते, त्यांना पूर बघायचा होता. जीप मी त्यांना दिली. आक्का आपल्या स्कूटरवर, फरशीवरच्या जवळच्या वाटेनं गेली.

सकाळी अकराच्या सुमाराला तिचा फोन आला.

"अण्णा, फरशीवर पाणी हाय. जाऊ का फिरून येऊ?"

ती फरशी माझ्या मामाच्या गावची. लहानपणी माझ्या सगळ्या सुट्ट्या तिथंच गेल्या. फरशीच्या तोंडाशी एक दगड होता. त्याचं डोकं दिसत असलं की पाणी गुडघ्याएवढं, बैलगाडी खुशाल जायची. डोकं बुडालं की कुणी पाय टाकायचा नाही. आमच्याकडं गावोगाव असा एखादा दगड असतो, नाहीतर देवळाची पायरी. सरकारनं काढलेल्या इशाऱ्यापेक्षा लोक त्याच्यावर जास्त विश्वास ठेवतात.

मी विचारलं, "तोंडाशी दगड हाय बघा. त्याचं डोकं दिसतंय का?"

"दगड दिसतोय. पण पाण्याला ओढ लई हाय अण्णा."

"डोकं दिसतंय न्हवं? मग गुडघाभर पाणी. माझ्या मामाचं गाव हाय ते, मला विचारा."

तिनं पुन्हा विचारलं, "नक्की जाऊ?"

"जावा की आक्का. तुम्ही काय दिल्लीच्या हाय व्हय?"

ती हसली आणि फोन ठेवला.

मामा जाऊन नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून मी त्या गावाला गेलो नव्हतो. मधल्या काळात फरशी दुरुस्त करताना जुना दगड उखडून टाकला होता आणि तिथं सिमेंटचा खांब उभा केला होता, छातीएवढा. आक्का निपाणीची, तिला जुना दगड माहीत असायचं कारण नव्हतं; खांबाचं डोकं पाण्यावर दिसलं, त्यालाच ती दगड समजली. तिला जे दिसलं ते तिनं सांगितलं. शहाणपण पाजळलं ते मी.

पाऊण तासानं पलीकडच्या गावातल्या एका माणसाचा फोन आला. स्कूटर वाहून गेली होती, तिच्यासोबत आक्काचा मोबाइलही. आक्काचा पाय स्कूटर आणि फरशीच्या कडेमध्ये चेचला होता. बाभळीच्या फांदीला धरून ती लोंबकळत राहिली आणि लोकांनी दोर टाकून तिला ओढून काढलं. जिवंत होती.

लाज वाटते सांगायला, पण सांगतो. फोन ठेवल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल? फोनची वही उघडली. कुणाला कुठं जायची परवानगी दिली हे त्या वहीत लिहायचं असतं. आक्काचा फोन मी लिहिलाच नव्हता, इथल्या माणसांचे फोन मी कधीच लिहायचो नाही. ती कोरी ओळ बघून मला हायसं वाटलं. तिचा पाय राहतो की जातो हे कळायच्या आधी मला हायसं वाटलं. थू माझ्या जिनगानीवर.

अपघाताच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो, परवानगी देणाऱ्याचं नाव. मी तिथं इंग्रजीत लिहिलं की कर्मचारी कुणाला न विचारता स्वतःच्या निर्णयानं गेल्या. दवाखान्यात तिची सही घ्यायला गेलो. पायात सळ्या घातलेल्या, ओठ पांढरे पडलेले. ती म्हणाली, "जरा वाचून दाखवा, गोळ्यांनी डोळ्यापुढं अक्षरं हलायल्यात." मी वाचून दाखवलं: तुम्ही औषध घेऊन गेला, पाणी अचानक वाढलं, अपघात झाला. जे लिहिलं होतं त्यातलं एक अक्षर वाचलं नाही. ती म्हणाली, "व्हय, तसंच झालं." आणि सही केली. वर विचारते कशी, "त्या म्हाताऱ्यांना इन्सुलिन पोचलं का?" साहेबांची जीप मोकळी झाल्यावर त्याच संध्याकाळी हमरस्त्यानं फिरून पोचवलं होतं. ते ऐकून तिनं डोळे मिटले.

दोन महिन्यांनी तिला पत्र गेलं. नियमभंग केल्यामुळं नोकरी पुढं चालू ठेवता येत नाही, आणि ओळखपत्र परत करावं. ते घ्यायला मी जाऊ शकलो नाही, ड्रायव्हरला पाठवलं. एवढी सुद्धा छाती झाली नाही माझी.

मग तिचा फोन आला. मला वाटलं, आता ही शिव्या देणार, आणि देऊ देत, तेवढंच बरं वाटेल. पण तिचा आवाज बारीक होता.

"अण्णा, एक विचारायचं हुतं. मी तुम्हाला फोन केलता न्हवं त्या दिवशी? का मला उगंच तसं वाटतंय? घरातली सगळी म्हणायल्यात, मार लागला की माणसाला काहीबाही आठवतंय."

तेव्हा तरी बोलायचं. एकच शब्द, 'व्हय'. तो माझ्या तोंडात होता. पण माझी नोकरी, पोरांची शाळा, साहेबांचा माझ्यावरचा विश्वास, सगळं एकदम आडवं आलं आणि मी म्हणालो, "आक्का, त्या गडबडीत काय झालं, मलाबी नीट आठवत न्हाय बघा."

"असू दे," ती म्हणाली. "मग मलाच तसं वाटलं असंल."

तिचा पाय माझ्या घमेंडीनं कायमचा कामातून गेला, ते एक वेळ चूक म्हणता येईल. पण पाण्यात शिरायच्या आधी आपण दोनदा विचारलं होतं, एवढं तरी तिच्याजवळ उरलं होतं. तेही मी काढून घेतलं.

गेल्या महिन्यात नव्या भरतीच्या लोकांना प्रशिक्षण द्यायचं होतं. दिल्लीहून कळवलं की फरशीचा तो प्रसंग उदाहरण म्हणून जरूर सांगा. मी सांगितला, नाव न घेता. समोर बारा-तेरा पोरंपोरी, सगळी इकडचीच. चिकोडीकडची एक मुलगी उभी राहिली.

"सर, पण त्यांनी आधी कुणाला तरी फोन करून विचारलं असंल की."

खोलीत सगळे माझ्याकडं बघत होते.

"न्हाय," मी म्हणालो. "कुणालाच विचारलं न्हाय."

ती मुलगी खाली बसली आणि हळहळत शेजारणीला म्हणाली, "काय बाई तरी ती. एक फोन करायला काय झालतं?"