फाटकाबाहेर सुटलेली जीभ

खोटं कशाला बोलायचं, गुलिझार जॉर्जियातल्या अखाल्त्सिखे गावात राहायला आली तेव्हा अख्ख्या गल्लीला वाटलं होतं, म्हातारी मुकी आहे. हसू नका! बाई नुसती मान डोलवायची. पुढे कळलं, जीभ चांगली हातभर आहे. ती कधी सोडायची याचे मात्र तिचे कायदे.

युरोपातल्या देशांच्या मंडळात शिरताना जॉर्जियानं शब्द दिला होता, की सोव्हिएत काळात इथून हाकललेल्या मेस्खेती लोकांना परत घेऊ. तो पाळला का, ते बघायला त्या दिवशी मंडळाचे दोन पाहुणे तिच्याच घरी येणार होते. तान्ही असताना तिला आईसकट मालगाडीत कोंबून इथून नेलेलं. परत येण्यासाठी तिनं पुढं मिळालेलं अझरबैजानचं नागरिकत्व सोडलं, आणि इकडचं काही मिळेना. उद्या कुणी ‘चालती हो’ म्हटलं तर जायचं कुठं?

“आई, सगळं सांग हं त्यांना,” मुलगा बिनाली पुन्हा पुन्हा बजावत होता.

“आणि चहा पातळ कर,” शेजारीण हाइकानुश म्हणाली. “तुझं ते डांबर साहेबलोक पिणारेत होय?”

“तू गप गं.”

पाहुणे घाईतच आले. एक उंच बाई, एक टकले गृहस्थ, सोबत दुभाषी पोरगी.

“काही अडचण?” बाईंनी विचारलं.

गुलिझारनं तोच काळाकुट्ट चहा पुढं सरकवला. “छे, देवाच्या कृपेनं सगळं छान. खा ना!”

बिनालीनं तिला कोपरानं ढोसलं. बाईंनी पुन्हा विचारलं.

“छान! साखर घ्या.”

टकल्यांनी तेच लिहून घेतलं. दुभाषी घड्याळ बघत उठली.

“आई, घात केलास गं!” बिनाली कुजबुजला.

गुलिझार पाहुण्यांना पोचवायला निघाली. फाटक ओलांडलं आणि तिनं गाडीचं दार गच्च धरलं. “आता ऐका.” मालगाडी, सोडलेलं नागरिकत्व, कचेरीतल्या खेपा, रात्र रात्र न लागणारी झोप... दुभाषीला दम खायला फुरसत नाही. टकल्यांनी मागचं खोडून नव्यानं लिहायला घेतलं.

गाडी गेली. नागरिकत्वाचा कागद मिळेल का, कुणास ठाऊक.

“अगं भवाने, हे आत सांगायला काय झालं होतं? आमचा जीव गेला ना!” हाइकानुश उखडली.

“आत ते पाहुणे होते. पाहुण्याच्या घासात कुणी रडगाणं कालवतं का? बाहेर ते साहेब.”

“मोठी कायदेवाली! आणि चहा? टाकलाच ना त्यांनी?”

गुलिझार आत गेली, तिन्ही पेले घेऊन आली आणि हाइकानुशच्या नाकासमोर उलटे धरले. थेंबसुद्धा पडला नाही.