शरदकाकांना पडलेलं एक मत

मंडळी, घरी येऊन दोन तास झाले, पण ताट अजून तसंच झाकून ठेवलंय.

इथे जर्मनीत आमच्या शहरात इंटिग्रेशन्सराटची, म्हणजे परदेशी लोकांची बाजू मांडणाऱ्या मंडळाची, निवडणूक आहे. मराठी गटातून एकच नाव द्यायचं, म्हणून आज आपापसात चिठ्ठ्या टाकल्या.

एक शरदकाका. इथल्या गणपतीची पूजा तेच सांगतात, उत्सवात बिअर येऊ देत नाहीत. माझी मुलं स्तोत्रं त्यांच्याकडेच शिकली. पण जर्मन अडखळत बोलतात. दुसरा निखिल. जर्मन फाडफाड, ओळखी भरपूर, आणि म्हणतो, पूजा दहा मिनिटांत आटपा. पण उत्सवाचा हॉल आमच्या हातून जातोय, तो वाचवायला मंडळात आपलं माणूस हवं, आणि निवडून येईल तर निखिलच.

मी निखिलचं नाव लिहिलं.

काकांना एकच मत पडलं. निघताना ते दारात थांबले होते. "मी स्वतःला मत देत नाही. म्हणजे ते एक तुझंच. बरं वाटलं गं."

मी मान डोलावली.

खोटं बोलू नये, हे माझ्या मुलांना त्यांनीच शिकवलंय. उद्या संध्याकाळी मुलांना त्यांच्याकडे सोडायचंय. कुठल्या तोंडाने बेल वाजवू, सांगा ना कुणीतरी.